हंगाम संपला तरी आमचं चालूच

एकांनी म्हटलंय की हॅटट्रिकमध्ये, म्हणजे आपला संघ सांभाळायच्या त्या ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर खेळात, हंगाम संपला की नवा सुरू होईपर्यंत नुसत्या जांभया. माझं उलट आहे. १६ आठवड्यांच्या हंगामात लीगचे सामने १४, आठ संघांत प्रत्येकाशी दोनदा. तेवढे दिवस मी हातचं राखून खेळतो. मग मित्रांची छोटी टूर्नामेंट लागली की वाट्टेल ते करून बघतो.

यंदा २-५-३ (दोन बचावाला, पाच मध्ये, तीन पुढे) अशी रचना लावली. आमच्या पोरांना सवय ४-४-२ची, त्यामुळे व्हायचं तेच झालं. मध्यंतराआधीच रचना विस्कटली, चार गोल खाल्ले. लीगमध्ये असं झालं असतं तर झोप उडाली असती. इथे मी डबा खात कॉमेंट्री वाचून एकटाच हसत होतो. (१९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा खेळ, पण अजूनही निम्मी मजा वाचण्यातच आहे.)

पुढच्या सामन्यात राखीव गोलकीपर उतरवला, सतरा वर्षांचा. पठ्ठ्यानं पेनल्टी अडवली! त्याला विकायला काढणार होतो, तो बेत रद्द.

पुढच्या वेळी तुम्हीही या. फक्त दर सामन्यात काउंटर-अटॅक (मागे बचाव करत राहून संधी मिळाली की झटकन हल्ला) लावून बसू नका राव.