मदत हवी आहे: जुनी ३०० एफ/४ लेन्स घेऊ की थांबून २००-५०० घेऊ?

नमस्कार मंडळी, नेरुळला राहतो, कॅमेरा निकॉन डी५६०० आणि लेन्स ७०-३०० एएफ-पी व्हीआर (व्हीआर म्हणजे हात हलल्याने फोटो हलू नये म्हणून लेन्समध्ये असलेली सोय). टीएस चाणक्यच्या पाणथळीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढतो पण ३०० ला (पूर्ण झूमवर) सगळं जरा मऊच, म्हणजे कमी स्पष्ट येतं, शटर १/२००० पर्यंत नेऊन आणि एफ/८ ला ठेवून पाहिलं, फार फरक नाही.

आता ठाण्यात एक काका जुनी ३०० एफ/४ एएफ-एस ३५ हजारात देतायत. मोटर लेन्समध्येच असल्याने माझ्या बॉडीवर ऑटोफोकस चालतो, तो लावून बघितला (एएफ-डी वाल्या सुचवू नका, त्यांना बॉडीतली मोटर लागते आणि माझ्या बॉडीत ती नाही). शार्प आहे राव! पण व्हीआर नाही, आणि फोकस होताना बारीक किरकिर आवाज येतो. टॉर्च मारून बघितलं, फंगस (बुरशी) दिसला नाही, मागच्या काचेजवळ थोडी धूळ आहे तेवढीच.

दुसरा पर्याय २००-५०० एफ/५.६ सेकंडहँड, पण ती ६० च्या आत मिळत नाहीये आणि बजेट ४५, म्हणजे पावसाळ्यानंतरच जमेल, शिवाय सव्वादोन किलोचं धूड. मी निम्मं शूटिंग ऐरोलीच्या बोटीतून करतो, तिथे ट्रायपॉडचा उपयोग शून्य, सगळं हातातच. मिररलेसला एवढ्यात जाणार नाही, त्यामुळे ते सोडून बोला.

तर ज्यांनी ही ३०० वापरलीय त्यांना विचारतो, हलत्या बोटीत व्हीआरशिवाय खरंच अडतं का, आणि ती किरकिर म्हणजे मोटर जायच्या मार्गावर आहे असं समजायचं का?