मदत हवी आहे: कॅम्पर आणि ट्रेलर दोन्ही पेलणारी पिकअप कोणती?

नाशिकहून कसारा घाट उतरून कोकणात न्यायला पिकअप हवी आहे. हौद्यावर बसवायचा कॅम्पर (झोपण्या-राहण्याची खोली) रिकामा ७५० किलो. त्यात १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, भरलेला घरगुती सिलिंडर ३० च्या आसपास, बॅटरी वेगळी. मागे ८०० किलोचा ट्रेलर. हुकवरचा दाब १० टक्के धरला तरी ८० किलो पिकअपच्याच खात्यात. टाटा योद्धा २.० की इसुझू डी-मॅक्स? (मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायचा सल्ला नको, आरसीवरचं वजन त्यानं वाढत नाही.) खरी भीती उताराची: ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. दुसऱ्या गियरवर इंजिनाच्या जोरावर वेग कोणती जास्त धरून ठेवते? आणि कॅम्परचा भार मागच्या एक्सलच्या पुढे बसेल असा हौदा कुणाचा?