बॅकअप: स्क्रिप्टवर सोडावा की हाताने घ्यावा?

गावभागकर:
सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा दुकानात छातीएवढं पाणी होतं. कॉम्प्युटर गेला. बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, तीही गेली. पत्रिका, हँडबिलं पुन्हा करता येतात. पण एका शाळेच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो स्कॅन केले होते, आणि मूळ फोटो ज्यांच्या घरी परत गेले, त्यांच्याही घरात पाणी शिरलं. ते फोटो आता कुठेच नाहीत.

त्यानंतर आरक्लोन हा प्रोग्राम शिकलो. फुकट आहे, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह अशा पुष्कळ ठिकाणी फाइली चढवतं. चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे हुकमांची छोटी स्क्रिप्ट, करून ती विंडोजच्या टास्क शेड्यूलरला लावली; तो ठरल्या वेळी काम आपोआप चालवतो. रोज रात्री साडेनऊला 'कामे' फोल्डर वर जातं. माझं ठाम मत आहे की हाताने घ्यायचा बॅकअप लग्नसराईत हमखास राहतो. ज्याचं पोट कॉम्प्युटरवर आहे, त्याने हे काम स्क्रिप्टकडेच द्यावं.

जुनाखिळा:
फोटोंचं वाचून पोटात कालवलं. तरीही असहमत.

तुमच्या बॅच फाइलमध्ये 'कॉपी' आहे की 'सिंक'? माझ्याकडे सिंक होतं. गणपतीत नव्या मुलाने जागा करायला म्हणून 'अंक जुने' फोल्डर उडवलं. रात्री स्क्रिप्ट चालली आणि ड्राइव्हवरूनही ते गेलं. सिंकचं कामच ते: इकडे जसं आहे तसं तिकडे करायचं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस असतं, पण आम्हाला ते फोल्डर लागलं दिवाळी तोंडावर आल्यावर. आठ वर्षांचे अंक गेले. मी स्वतः डिस्क जोडली असती तर फोल्डर दिसत नाही हे माझ्या नजरेत आलं असतं. आता दर शनिवारी दोन डिस्क, एक दुकानात, एक घरी.

गावभागकर:
सिंकबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि नुकसान ऐकून वाईट वाटलं. मी कॉपी वापरतो, ते तिकडचं काही पुसत नाही. मात्र बदललेल्या फाइलवर नवी फाइल बसते, म्हणून 'बॅकअप-डिर' हा पर्याय जोडलाय: जुनी प्रत त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये सरकते. पण दादा, माझं घर दुकानापासून चार गल्ल्यांवर आहे. पाणी दोन्हीकडे एकाच दिवशी आलं. घरातली डिस्क मला कशी वाचवणार?

रात्रपाळी:
मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअप आपोआप घेतला जात होता, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात डेटाबेसची आवृत्ती जुळत नसल्याने तो बंद पडला होता आणि तसं सांगणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या. त्यांना तारलं ते एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीने. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलंय.

तेव्हा जुनाखिळा यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्क्रिप्ट मुकाट्याने मरते. टास्क शेड्यूलरमध्ये तर ठरल्या वेळी मशीन बंद असेल तर ते काम त्या दिवशी सुटतं. 'वेळ चुकल्यास लवकरात लवकर चालवा' ही खूण आपण स्वतः करावी लागते. गावभागकर, तुमच्या फाइली तुम्ही शेवटच्या कधी परत उतरवून पाहिल्या?

हिशेबनीस:
मी अकाउंटंट. माझ्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट असतात, ते उघडे वर टाकायला मन धजत नाही. आरक्लोनच्या 'क्रिप्ट'ने फाइली कुलूपबंद होऊन जातात, ते उत्तम. पण त्याचा पासवर्ड राहतो त्याच मशीनवरच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये. मशीन बुडालं की किल्लीही बुडाली, आणि तो पासवर्ड कोणी परत देऊ शकत नाही. मी कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय.

गावभागकर:
रात्रपाळी, खरं सांगतो, कधीच पाहिल्या नव्हत्या. काल रात्री बायकोच्या लॅपटॉपवर मागच्या वर्षीची एक स्मरणिका उतरवली. फाइल आली, उघडली, फोटो जागच्या जागी. मजकुराच्या जागी मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेले आहेत; तो फॉन्ट मशीनवर नसला की मराठी दिसत नाही. ते दुकानातल्या मशीनवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, आणि मी वर्षानुवर्षं फक्त 'कामे' चढवतोय. पूर पुन्हा आला असता तर सगळ्या फाइली वाचल्या असत्या आणि एकही वाचता आली नसती. आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा ते फोल्डर स्क्रिप्टमध्ये घातलं. तरी माझं मत कायम आहे: फाइली वर होत्या म्हणूनच ही चूक कळली.

जुनाखिळा:
माझं मतही कायम आहे. पण तुमचं वाचून आत्ता दोन्ही डिस्क लावून पाहिल्या. फॉन्ट एकीवरही नाहीत. आज शनिवार नाही, तरी घेतोय.