शब्दचर्चा : ‘मिशन ट्रिप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अमेरिकेतील एका चर्चचे काही सभासद अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीकडे थोड्या दिवसांच्या मुक्कामाला येऊन गेले. परतल्यावर त्यांनी लिहिलेली टिपणे इथल्या मंडळीच्या मासिकासाठी मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि गाडी मथळ्यातच अडली आहे. मूळ मथळ्यात ‘शॉर्ट टर्म मिशन ट्रिप’ आणि ‘रिफ्लेक्शन्स’ हे शब्द आहेत. ‘धर्मप्रचार दौरा’ म्हणावे तर या पाहुण्यांनी प्रचार केलेला नाही. त्यांनी शाळेच्या खोल्या रंगवल्या, सुट्टीतल्या बायबल वर्गात मुलांना गाणी शिकवली आणि रविवारी उपासनेला बसले. ‘मिशन सहल’ म्हटले तर महाबळेश्वरला गेल्यासारखे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

अडचण ‘ट्रिप’ची नसून ‘मिशन’ची आहे. ‘पाठवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला आणि धर्मकार्यासाठी माणसे दूरदेशी पाठवणे हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात जेझुइटांनी (एका कॅथलिक धर्मसंघाने) दिला. इंग्रजीत त्यातली ‘पाठवणी’ अजून जिवंत आहे, त्यामुळे जाऊन परत आलेल्या माणसालाही ‘मी मिशनवर गेलो होतो’ असे म्हणता येते. मराठीत मात्र हा शब्द आला तो कायमच्या मुक्कामाला आलेल्या माणसांबरोबर. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवू पाहत होते आणि ते जायला तयार नव्हते. हॉल १८२६ साली पटकीने इथेच वारले. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि मुलींच्या शाळांत आयुष्य घालवून १८६२ साली अहमदनगरात वारल्या. १८३१ साली त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरात झाले आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तिथूनच सुरू झाले.

याचा परिणाम असा झाला की मराठीत ‘मिशन’ हे आधी ठिकाणाचे आणि संस्थेचे नाव बनले. ‘मिशनात राहतो’, ‘मिशनच्या शाळेत शिकलो’, ‘मिशन कंपाउंडाच्या मागे’, ‘मिशन दवाखान्यात दाखवले’ अशी ही भाषा आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय आसपासच्या अनेक जिल्ह्यांत ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘मिशन सोडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी धर्म सोडला किंवा कार्य सोडले असे कोणालाही वाटत नाही. परदेशी संस्थेची पगारी नोकरी सोडली, एवढाच त्याचा अर्थ होतो आणि तो सर्वांना कळतो. तेव्हा नगरच्या एखाद्या वयस्क ख्रिस्ती बाईंना ‘आम्ही मिशनला जाऊन आलो’ असे सांगितले, तर ‘कोणाकडे गेला होता?’ असे त्या विचारतील, आणि प्रश्न अगदी रास्त असेल.

ख्रिस्ती समाजाबाहेरही हा शब्द रुळला आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापलेल्या अस्पृश्यतानिवारणाच्या संस्थेला ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ असेच नाव दिले. त्याच वळणावर ‘मिशनरी वृत्तीने काम केले’ हे वाक्य आजही शाळामास्तरांच्या निरोप समारंभात प्रशंसा म्हणून येते. गंमत अशी की नुसता ‘मिशनरी’ म्हटला की संशय आणि पुढे ‘वृत्ती’ जोडली की गौरव. सरकारी योजनांचे ‘मिशन’ (जल जीवन मिशन, मिशन इंद्रधनुष) हा तिसरा प्रवाह. तिथे अर्थ ‘मोहीम’ एवढाच उरतो, म्हणून ‘मिशन दौरा’ वाचून कोणाला पाणीपुरवठा आठवला तर त्याला दोष देता येणार नाही.

याखेरीज एक व्यावहारिक बाब आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला भारतात धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी म्हणून येणाऱ्यांसाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. आपले पाहुणे भिंती रंगवून आणि गाणी शिकवून गेले असतील, तर मथळ्यात ‘धर्मप्रचार’ लिहिणे हे भाषांतर म्हणून तर चुकीचेच, पण यजमान मंडळीला नसत्या खुलाशांत अडकवणारेही ठरेल.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले. मात्र ‘पाठवणी’चा अर्थ मराठीत मुळीच नाही असे कोणी समजू नये. ‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला. पाकिटावर आपण ‘प्रेषक’ लिहितो तोच धातू. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नावात तो आहे आणि ‘प्रेषित मुहम्मद’ या प्रयोगातही आहे. परंतु शब्द इतका उंचावर जाऊन बसला आहे की सुट्टी काढून आलेल्या गृहस्थांच्या प्रवासाला ‘प्रेषणयात्रा’ म्हणणे त्यांनाच अवघड वाटेल. ‘सुवार्ता दौरा’ (सुवार्ता म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश) हा शब्द प्रवचनांची मालिका असेल तरच शोभतो.

‘सेवायात्रा’ हा शब्द हल्ली काही पत्रकांत दिसतो, त्याबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. अशा भेटीत पाहुण्यांच्या पोटाला सोसेल असा बिनतिखटाचा स्वयंपाक मंडळीतल्या बायका वेगळा करतात, कोणीतरी दिवसभर दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर फिरतो, स्वागताला हार आणि शाल-श्रीफळ असते, आणि पाहुण्याचे पाच मिनिटांचे मनोगत वाक्यागणिक थांबून भाषांतरित होत होत पंधरा मिनिटांवर जाते तरी लोक बसून राहतात. ही सेवा कोणी कोणाची केली? पाहुण्यांच्या टिपणांत जर हेच आश्चर्य नोंदलेले असेल (बहुधा असतेच), तर मथळा मजकुराच्या विरुद्ध बोलेल.

प्रश्नकर्ता

टिपणांत ते आहेच. एका बाईंनी लिहिले आहे की त्यांनी खोलीच्या तीन भिंती रंगवल्या आणि चौथी भिंत गावातल्या रंगाऱ्याने त्यांच्या निम्म्या वेळात संपवली, तेव्हा विमानाच्या तिकिटाच्या पैशांत किती शाळा रंगल्या असत्या याचा हिशेब त्यांच्या मनात सुरू झाला. ‘रिफ्लेक्शन्स’साठी ‘साक्ष’ चालेल काय? मंडळीत तो शब्द रूढ आहे.

दुसरा प्रतिसाद

चालणार नाही. उपासनेत उभे राहून ‘साक्ष देणे’ म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगणे. त्यात तिकिटाचा हिशेब बसत नाही. ‘मनन’ हे शास्त्रवचनावर करायचे असते. ‘चिंतन’ भारदस्त आहे, पण त्यात माणूस दिसत नाही. ‘मनोगत’ घ्यावे, त्यात शंका, संकोच आणि आभार तिन्ही मावतात.

पहिला प्रतिसाद

आणि प्रवासासाठी ‘मंडळी-भेट’. एका मंडळीने दुसऱ्या मंडळीला भेट दिली, एवढेच घडले आहे आणि ते पुरेसे आहे. ‘अल्पकालीन’ हे विशेषण गाळावे, कारण भेट अल्पकालीनच असते. वर्षे राहिला त्याला आपण पाहुणा म्हणत नाही.

तिसरा प्रतिसाद

एक सावधगिरी सुचवतो. ‘मंडळी’ म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदाय हा अर्थ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पक्का आहे. इतर वाचकाला मात्र ‘मंडळी जेवायला बसली’ हेच आठवते, आणि जुन्या पिढीतील पुरुष ‘आमची मंडळी माहेरी गेली’ असे म्हणत ते बायकोबद्दल. मासिकासाठी ‘मंडळी-भेट : पाहुण्यांची मनोगते’ हा मथळा निर्धास्तपणे घ्यावा. हाच मजकूर पुढे वर्तमानपत्राकडे पाठवणार असाल, तर ‘ख्रिस्ती मंडळीला भेट’ असे सुटे लिहावे.