भांडी पूर्वीसारखी टिकत नाहीत का माझंच काही चुकतंय?

ओट्यावरची_मी:
दोन वर्षांत हा तिसरा नॉनस्टिक पॅन टाकायला काढला. मधोमध कोटिंग गेलंय, कडेला अजून नवं कोरं, आणि दांडा असा डुगडुगतो की भरलेला पॅन उचलताना दुसऱ्या हाताने फडकं धरून आधार द्यावा लागतो. त्याच ओट्यावर आजीचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, वयाने माझ्याहून मोठं, एक पोचा सोडला तर ठणठणीत. आता एकदाच काय ते घ्यायचंय, बघायचं काय, वजन?

जुना_तवा:
आजीची जी भांडी टिकली नाहीत ती कधीच मोडीत गेली गं, म्हणून उरलेलं सगळं जुनं ते सोनं वाटतं. नॉनस्टिक मधेच जातं कारण आच तिथेच लागते, ते कोटिंग साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर खराब व्हायला लागतं आणि मोठ्या आचेवरचा रिकामा पॅन काही मिनिटांत तिथे पोचतो. फोनवर बोलत मीही एक घालवलाय. चपलेसारखी वस्तू आहे ती, झिजणारच.

सांडशी:
वजन बघच, पण त्याआधी जोड बघ. जाड भांडं पत्र्यात सहसा जात नाही, जोडात जातं. दांडा एकाच स्क्रूवर असेल तर स्क्रू आवळत राहायचा, आणि आतले आटे झिजले की तो नुसता गोल फिरतो. रिव्हेट मारलेला बरा, फक्त रिव्हेटच्या कडेला मळ बसतो तो घासायचा वैताग. दुसरं म्हणजे बूड. स्टील उष्णता फार हळू पसरवतं, अॅल्युमिनियम दहापटीहून वेगाने, म्हणून खाली अॅल्युमिनियमची चकती जोडतात. तापलेलं भांडं गार पाण्याखाली धरून चर्र केलंस की बूड वाकतं, कधी चकतीच सुटते. ट्रायप्लायमध्ये (स्टील, मधे अॅल्युमिनियम, परत स्टील) तिन्ही थर काठापर्यंत असतात, तिथे वेगळी चकतीच नाही.

ओट्यावरची_मी:
अरे देवा, चर्र तर मी रोज करते 🙈

काळा_कुळकुळीत:
बीडाचा घे. माझा रात्रभर सिंकमध्ये भिजत राहिला, सकाळी लालभडक गंज. तारेच्या घासणीने घासला, पुसून कोरडा केला, तेलाचा अगदी पातळ हात देऊन कडक तापवला, असं तीन-चार वेळा, झाला परत काळा. तेल तापून लोखंडाला धरतं, त्याचाच थर बनतो. पाडू मात्र नकोस, तडकतो.

सांडशी:
आणि स्टीलमध्ये गार पाण्यात मीठ टाकून तसंच बसू देऊ नका, बुडाला बारीक खड्डे पडतात. उकळी आल्यावर टाकायचं आणि ढवळायचं.

ओट्यावरची_मी:
आत्ता उलटं करून बघितलं, आजीच्या पातेल्याच्या प्रत्येक कानाला दोन-दोन रिव्हेट आहेत. पॅनला एकच स्क्रू, तो बघता बघता हातात आला.