गाणं आलं की गोष्ट अडते?

साखळीकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं की ‘स्क्रब्ज’ या इस्पितळातल्या अमेरिकी विनोदी मालिकेचा गाण्यांचा भाग म्हणजे सहाव्या सीझनला कल्पना आटल्याची खूण, सिटकॉमने सिटकॉमच राहावं. भाग नीट पाहिला होता का? २००७चा आहे. पेशंट बाईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा आलाय, म्हणून तिला सगळं इस्पितळ गाताना ऐकू येतं. ऑपरेशन झालं की गाणी बंद. गाण्याला इतकं चोख कारण कुठे मिळतं? शिवाय ती बाई झालेली स्टेफनी डी’अब्रुझो आणि काही गाणी करणारी जोडी, दोन्ही ब्रॉडवेच्या ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ या संगीत नाटकातली.

फोंड्याचा प्रेक्षक: ते मीच लिहिलं, आणि भाग पाहूनच लिहिलं. कारण दिल्याने गाणं बसत नाही. जेडी आणि टर्क या दोन डॉक्टरांच्या दोस्तीचं गाणं सोडलं तर गोष्ट जागची हलत नाही. आमच्या गोव्यात देवळांच्या उत्सवी संगीत नाटकांत हेच भोगलंय. नायकाला बाण लागलाय आणि तो वन्समोअर घेतोय!

माशेलची: उत्सवी नाटकाला नावं ठेवू नका. माझे आजोबा देवळापुढच्या मांडवात पेटीवर बसायचे, पहाट होईपर्यंत माणूस उठायचा नाही. मंगेशीने दीनानाथ दिले, त्याच तालुक्यात बसून तुम्ही हे लिहिता?

फोंड्याचा प्रेक्षक: दीनानाथांना ऐकायला लोक जायचे. नाटकाचं काय होतंय याची फिकीर कुणाला होती?

म्हापसेकर: त्यापेक्षा आमचं कोकणी नाटक, म्हणजे तियात्र बरा. दोन पडद्यांच्या मध्ये गायक येतो, कांतारात, म्हणजे आपल्या गाण्यात, सरकारला सुनावतो, जातो. कथेशी संबंध नाही, म्हणून कथा अडतही नाही. १८९२ पासून चाललंय.

माशेलची: ही तुलनाच चुकीची. पद त्या पात्राचं असतं, त्याच्या मनातलं असतं. कांतार कुणीही कुठेही गावं!

म्हापसेकर: हाच तुमचा जुना तोरा. तियात्राला लोक पदरचे पैसे मोडून येतात. तुमच्या फुकटच्या नाटकाला आज दुसऱ्या अंकानंतर कोण उरतं ते सांगा.

माशेलची: मी उरते. माझी मुलंही उरतात.

वॉर्डातली: जरा मूळ विषयाकडे या. मी सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. त्या भागात शौचाच्या तपासणीवर अख्खं गाणं आहे, त्याला इथे कुणी तरी पाचकळ म्हणेलच. पण आमचं बोलणं तसंच असतं हो. पेशंटच्या पोटात भीतीचा गोळा, आणि आम्ही विचारतो, “शौचाला झाली का?” त्याला ते कसं ऐकू येत असेल, हे मला त्या गाण्याने दाखवलं. साध्या संवादात ते माझ्या लक्षातही आलं नसतं.

फोंड्याचा प्रेक्षक: बरं, पेशंटच्या बाजूची गाणी सोडतो. ऑपरेशनआधीचं तर चांगलंच आहे. पण टर्क आणि त्याची बायको कार्ला यांच्या भांडणाला टँगो कशाला?

साखळीकर: कारण बायको डॉमिनिकन आहे हे तो इतकी वर्षं विसरतोय. ती साध्या आवाजात सांगून थकली होती!

फोंड्याचा प्रेक्षक: तो टँगो नसता तरी भाग उभा राहिला असता. एवढंच म्हणतोय, आणि म्हणत राहणार.