मदत हवी आहे : रोममध्ये पावसात पँथिऑनहून बोर्गेझे गॅलरीला कसं जावं?

नोव्हेंबरमध्ये गुरुवारी रोममध्ये आहोत, दिवसभर पाऊस धरला आहे. सोबत ७२ वर्षांची आई. सपाट जागी चालते, पण एका दमात पाऊण किलोमीटरच. जिने फार नकोत.

सकाळी ९ ला पँथिऑन, म्हणजे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर. छतावरच्या उघड्या झरोक्यातून पाऊस थेट आत पडतो आणि जमिनीतल्या भोकांतून वाहून जातो. ते बघायला खरं तर पावसाचाच दिवस हवा. नंतर बोर्गेझे गॅलरी (चित्र-शिल्पांचं संग्रहालय), तिकीट दुपारी १ ते ३ चं. वेळ बांधलेली आहे, शिवाय पिशव्या आत नेता येत नाहीत, म्हणून १२:३० ला पोचायचं आहे.

बस नको वाटते, पावसात रस्ते तुंबले तर वेळ हुकेल. टॅक्सी अगदी शेवटचा पर्याय. पँथिऑन ते स्पान्या मेट्रो स्थानक सव्वा किलोमीटर, मध्ये कुठेतरी थोडं टेकून चालत जाऊ. मात्र दगडी फरशी ओली झाली की घसरते.

स्पान्या स्थानकातून गॅलरीच्या बाजूला, व्हिया व्हेनेतो या रस्त्याकडे भुयारी वाट जाते. तिथले सरकते जिने सध्या चालू आहेत का? बंद असले तर लिफ्ट आहे का? आणि वर आल्यावर गॅलरीपर्यंत आईला टेकायला आडोशाची जागा कुठे मिळेल?